परदेशातील अपरिचित कायदे: नाशिकहून जाणाऱ्यांसाठी आणि नाशिकला येणाऱ्यांसाठी

गंगापूररोडकर (धागालेखक)

नमस्कार मंडळी. दिवाळीच्या सुट्टीत माझे आई-वडील प्रथमच परदेशी निघाले आहेत. आधी शारजाला माझ्या मावसभावाकडे आणि तेथून पुढे सिंगापूरला बहिणीकडे असा त्यांचा बेत आहे. व्हिसा, विमा, तिकिटे ही कामे उरकली आहेत. मात्र आईने बॅगेत भरायच्या वस्तूंची यादी वाचून दाखवली तेव्हा असे जाणवले की, यातील कोणत्या वस्तूला तेथील कायदा हरकत घेईल हे घरात कोणालाच सांगता येणार नाही. यादीत दोघांची औषधे आहेत, दोन्ही घरांसाठी फराळ आहे, वडिलांचा तंबाखूचा डबा आहे आणि सोसायटीतील एका गृहस्थांनी शारजातील त्यांच्या ओळखीच्या माणसाला पोहोचवण्यासाठी दिलेले एक पाकीटही आहे.

प्रश्नाला दुसरी बाजूही आहे. गंगापूर धरणाच्या बाजूला आमचे लहानसे कृषिपर्यटन केंद्र आहे आणि २०२६-२७ च्या सिंहस्थासाठी परदेशी पाहुण्यांची विचारणा आतापासून सुरू झाली आहे. आपल्याला सवयीचे असलेले कोणते कायदे त्यांना अडचणीत आणू शकतात, याचीही माहिती हवी आहे. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या ‘जगातील विचित्र कायदे’ छापाच्या याद्या कृपया येथे चिकटवू नयेत.

मेनरोड_औषधालय

औषधांपासून सुरुवात करणे योग्य ठरेल, कारण वयस्कर प्रवाशांच्या बाबतीत खरी अडचण तेथेच येते. आपल्याकडे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर सहज मिळणारी अनेक औषधे संयुक्त अरब अमिरातीत नियंत्रित यादीत आहेत. ट्रॅमाडॉल असलेल्या वेदनाशामक गोळ्या, कोडीन असलेली खोकल्याची औषधे, झोपेसाठी किंवा घबराटीसाठी दिली जाणारी अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, डायझेपाम ही त्यांपैकी ठळक नावे होत. ही नावे ऐकल्यावर बहुतेक लोक सावध होतात. ज्या औषधाबद्दल कोणीच सावध नसते ते म्हणजे प्रीगाबालिन. मधुमेहामुळे पायांना मुंग्या येणाऱ्या रुग्णांना आपल्याकडे प्रीगाबालिन आणि मिथाइलकोबालामिन यांची एकत्र गोळी सर्रास दिली जाते, आणि घरी तिला ‘ताकदीची गोळी’ किंवा ‘नसांची गोळी’ म्हणतात. अमिरातीत प्रीगाबालिन नियंत्रित औषध आहे.

त्यामुळे पाकिटावरील ठळक व्यापारी नाव पाहून निर्णय घेऊ नये. पट्टीच्या मागे बारीक अक्षरांत छापलेले घटक भिंगाने का होईना वाचावेत, प्रत्येक घटकाचे मूळ नाव कागदावर लिहावे आणि ते अमिरातीच्या शासकीय आरोग्य संकेतस्थळावर तपासावे. नियंत्रित औषधासाठी प्रवासाआधीच ऑनलाइन परवानगी घेण्याची सोय तेथे आहे. सोबत डॉक्टरांची अलीकडची चिठ्ठी आणि आजाराचा उल्लेख असलेले इंग्रजी पत्र लागते. सिंगापूरमध्येही झोपेच्या व तीव्र वेदनाशामक औषधांसाठी तेथील आरोग्यविज्ञान प्राधिकरणाची पूर्वपरवानगी लागते, म्हणजे आपल्या आईवडिलांसाठी हे काम दोन देशांसाठी स्वतंत्रपणे करावे लागेल.

एक कळकळीची विनंती करतो. जागा वाचवण्यासाठी गोळ्या पट्टीतून काढून वारांच्या डबीत भरू नयेत आणि पट्ट्या कापून अर्ध्या नेऊ नयेत. सुट्या पांढऱ्या गोळीविषयी तपासणी अधिकाऱ्याला खात्री पटवून देण्याचे कोणतेही साधन प्रवाशाकडे उरत नाही.

इंदिरानगर_कट्टा

औषधालयवाल्यांनी जपानचाही उल्लेख करायला हवा होता. सर्दीच्या ज्या गोळ्यांत स्यूडोएफेड्रिनचे प्रमाण दहा टक्क्यांहून अधिक असते, त्या जपानमध्ये नेताच येत नाहीत, चिठ्ठी असली तरीही. शिवाय जपानमध्ये परदेशी पर्यटकाने पासपोर्ट सतत जवळ बाळगणे कायद्याने बंधनकारक आहे. पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत ठेवून खिशात छायाप्रत बाळगण्याची जी शिस्त आपल्याला सहलकंपन्या शिकवतात, ती तेथे उपयोगाची नाही.

पंचवटीची_सुगरण

फराळाबद्दल लिहिते. चिवडा, शेव, चकली, शंकरपाळे यांना हरकत नाही. अडचण खसखशीची आहे. खसखस हे अफूच्या झाडाचे बी असल्यामुळे अमिराती आणि सौदी अरेबिया येथे ती बंदी असलेल्या वस्तूंत मोडते, आणि सिंगापूरमध्येही तेथील अमली पदार्थविरोधी विभागाच्या परवानगीविना ती आणता येत नाही. आपल्याकडे ती मेनरोडवर कोणत्याही किराणा दुकानात किलोने मिळत असल्याने तिच्याकडे कोणी संशयाने पाहत नाही.

आता ती फराळात कोठे कोठे असते ते पाहा. अनारशाच्या एका अंगाला ती चिकटवलेलीच असते. करंजीच्या सारणात भाजलेल्या खोबऱ्याबरोबर ती असते. डिंकाच्या लाडवात असते. अनेक घरांच्या काळ्या मसाल्यातही ती वाटलेली असते आणि मसाल्याची पुडी तर प्रत्येक आई लेकीसाठी देतेच. त्यामुळे या खेपेला अनारसे घरीच खावेत, करंजीचे सारण खसखस न घालता करावे आणि मसाला कोणत्या घटकांचा आहे हे ठाऊक नसेल तर तो नेऊ नये. सुटी खसखस तर अजिबात नको, ‘थोडीशीच आहे’ हे म्हणणे तेथे चालत नाही.

शारजा_ते_सिडको

मी बरीच वर्षे शारजात नोकरी करून आता सिडकोत स्थायिक झालो आहे. धागालेखकांच्या वडिलांसाठी दोन गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट अशी की, दुबई आणि शारजा ही एकमेकांना चिकटलेली शहरे असली तरी ती दोन वेगळी अमिराती आहेत आणि काही बाबतींत त्यांचे नियम निराळे आहेत. दुबईत २१ वर्षांवरील व्यक्तीला परवानाधारक ठिकाणी मद्य मिळते, शारजात मद्याला पूर्ण बंदी आहे. घरभाडे कमी असल्यामुळे आपले असंख्य लोक शारजात राहतात आणि दुबईत कामाला जातात. पाहुणा दुबईच्या विमानतळावरील ड्यूटी फ्रीमधून हौसेने बाटली घेतो आणि मुक्कामाला शारजाला जातो. विमानतळावर ती विकत घेणे कायदेशीर असले, तरी वाटेत अमिरातीची सीमा ओलांडताच तीच बाटली गुन्ह्याचा विषय होते. या सीमेवर नाका नसतो आणि रस्ता तोच पुढे चालू राहतो, त्यामुळे आपण दुसऱ्या कायद्याच्या हद्दीत आलो आहोत हे नव्या माणसाला कळतही नाही.

दुसरी गोष्ट वर्गणीची. अमिरातीत परवानाधारक संस्थेशिवाय कोणालाही देणग्या गोळा करता येत नाहीत आणि त्यासाठी आवाहन करणेही गुन्हा आहे. यासंबंधीचा स्वतंत्र संघीय कायदा २०२१ मध्ये झाला. गल्लीतील मंडळाच्या गणपतीसाठी, गावच्या मंदिराच्या जीर्णोद्धारासाठी किंवा एखाद्या आजारी मुलाच्या शस्त्रक्रियेसाठी तेथे बसून व्हॉट्सॲप गटावर क्यूआर कोड टाकणे ही आपल्याला सत्कार्याची गोष्ट वाटते. तेथील कायद्याच्या दृष्टीने मात्र तो विनापरवाना निधीसंकलनाचा प्रकार होतो. वडील एखाद्या मंडळाचे पदाधिकारी असतील तर मुक्कामाच्या काळात हे काम दुसऱ्याकडे सोपवावे.

जाता जाता, परक्या व्यक्तीचे, विशेषतः महिलांचे, छायाचित्र संमतीविना काढू नये. समाजमाध्यमांवर किंवा संदेशात कोणाला शिवीगाळ केली तरी तेथे फौजदारी तक्रार होऊ शकते. भाडेकरू आणि घरमालक यांच्यातील रागाचे संदेश पोलीस ठाण्यापर्यंत गेलेले मी पाहिले आहेत.

उपनगर_नाका

सिंगापूरबद्दल सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट म्हणजे तेथे च्युइंगम खाल्ले की फटके मारतात.

मरीनाबे_नाशिककर

उपनगर_नाका, असे काही नाही, आणि हेच वाक्य प्रत्येक सहलीच्या बसमध्ये सांगितले जाते म्हणून सविस्तर लिहितो. सिंगापूरने १९९२ मध्ये च्युइंगमच्या आयातीवर व विक्रीवर बंदी घातली. २००४ पासून दातांच्या आरोग्यासाठीचे आणि निकोटिन सोडवण्यासाठीचे गम औषधविक्रेत्याकडून मिळू लागले. चघळण्याच्या कृतीला शिक्षा नाही, आणण्याला आहे. फटक्यांची शिक्षा तेथील कायद्यात अनेक गुन्ह्यांसाठी असली तरी गमशी तिचा संबंध नाही. १९९४ मध्ये मोटारींवर रंग फवारल्याबद्दल एका अमेरिकी तरुणाला ती झाली आणि तेव्हापासून या दोन्ही गोष्टी लोकांच्या बोलण्यात एकत्र झाल्या असाव्यात.

गमच्या या गप्पांमुळे जी वस्तू आपल्या लोकांच्या खिशात खरोखर असते तिची चर्चा होत नाही, आणि ती वस्तू म्हणजे तंबाखू. गुटखा, खैनी, जर्दा अशा तोंडात धरण्याच्या तंबाखूवर सिंगापूरमध्ये बंदी आहे. धागालेखकांच्या वडिलांचा डबा घरीच राहिलेला बरा. आजीची मिश्रीची डबीसुद्धा याच वर्गात धरावी, तिला कोणी तंबाखू म्हणत नाही ही गोष्ट वेगळी. सिगारेटचा प्रकार निराळा आहे. ती नेता येते, परंतु तिच्यावर शुल्कमाफी अजिबात नाही. एक उघडे पाकीट असले तरी ते कस्टमच्या लाल मार्गिकेत जाहीर करून शुल्क भरावे लागते. इतर देशांत दोनशे सिगारेटींची सूट असते म्हणून येथेही असेल असे गृहीत धरणारे लोक हिरव्या मार्गिकेतून सरळ चालत जातात आणि दंड भरतात.

ई-सिगारेट जवळ बाळगणे हासुद्धा २०१८ पासून तेथे गुन्हा आहे आणि २०२५ पासून कारवाई आणखी कडक झाली आहे. मेट्रोत खाणे-पिणे वर्ज्य आहे. आजोबा-आजींनी फलाटावर निवांत डबा उघडू नये, एवढे बहिणीला सांगून ठेवा.

सातपूर_एमआयडीसी

आमच्या कंपनीतील मंडळी दिवाळी बोनस मिळाला की थायलंडला जातात, म्हणून एक माहिती. थायलंडमध्ये १९३५ चा पत्त्यांविषयीचा कायदा आहे आणि त्यानुसार नोंदणी नसलेल्या ठिकाणी १२० हून अधिक पत्ते बाळगता येत नाहीत. २०१६ मध्ये पट्टाया येथे ब्रिज खेळणाऱ्या ३२ परदेशी व्यक्तींना पोलिसांनी ताब्यात घेतले होते. त्यांत बहुतेक वृद्ध होते आणि पैशांचा जुगारही चालू नव्हता, पत्ते मात्र मर्यादेहून अधिक सापडले. तीन कॅट घेऊन खोलीत रमीचा डाव मांडणाऱ्यांनी हिशेब करून पाहावा.

गांजाविषयीही गैरसमज आहेत. २०२२ मध्ये थायलंडने तो अमली पदार्थांच्या यादीतून काढला, तेव्हा जागोजागी दुकाने उघडली. २०२५ मध्ये पुन्हा वैद्यकीय चिठ्ठीची अट आली. तेथे काहीही नियम असला तरी परत येताना मुंबईच्या विमानतळावर आपला १९८५ चा अमली पदार्थविरोधी (एनडीपीएस) कायदा लागू होतो, हे सहलीच्या उत्साहात विसरले जाते.

देवळाली_निवृत्त

एवढी भीती घालण्याचे कारण मला समजत नाही. दरवर्षी लाखो भारतीय या देशांत जातात, बॅगेत अनारसेही नेतात आणि सुखरूप परत येतात. मीही अनेकदा गेलो आहे. प्रत्येक बॅग कोणी उघडून पाहत नाही. अशा धाग्यांमुळे वयस्कर माणसे प्रवासालाच घाबरतात.

कोर्टरोड_वकील

देवळाली_निवृत्त साहेब, आपला मुद्दा संभाव्यतेचा आहे आणि तो बरोबर आहे. बहुतेकांची बॅग उघडली जात नाही. मात्र ज्याची उघडली जाते त्याच्यासाठी प्रश्न संभाव्यतेचा राहत नाही, कारण अमली पदार्थांच्या बाबतीत अनेक देशांत वस्तू ताब्यात सापडणे हाच आरोपाचा पाया असतो आणि ‘मला माहीत नव्हते’ हे सिद्ध करण्याची जबाबदारी प्रवाशावर येऊन पडते. सिंगापूरच्या कायद्यात तर ज्याच्या ताब्यात बॅग त्याला आतील वस्तूची जाणीव आहे, असे गृहीतकच आहे.

यावरून धागालेखकांच्या यादीतील त्या पाकिटाकडे येतो, कारण माझ्या मते संपूर्ण यादीत तीच एक वस्तू खऱ्या अर्थाने धोक्याची आहे. २०१९ मध्ये मुंबईचे एक दाम्पत्य कतारला गेले होते. नातेवाईक बाईंनी त्यांना सहलीची भेट दिली होती आणि सोबत एक पाकीट पोहोचवायला दिले होते. दोहाच्या विमानतळावर त्या पाकिटात चरस निघाला आणि दोघांना दहा वर्षांची शिक्षा झाली. पत्नी त्या वेळी गर्भवती होती. मुलीचा जन्म तुरुंगात झाला. भारतातील नातेवाईकांनी पाठपुरावा केला, आपल्या अमली पदार्थ नियंत्रण विभागाने तपास केला आणि २०२१ मध्ये त्यांची निर्दोष सुटका झाली. सत्य बाहेर येऊनही जवळजवळ दोन वर्षे गेली. येथे पाकीट देणारी व्यक्ती घरातलीच होती. आपल्या उदाहरणात ती सोसायटीतील ओळखीची आहे आणि घेणारा तर पूर्ण अनोळखी आहे.

ते पाकीट नम्रपणे परत करावे. परत करणे अवघड जात असेल, तर देणाऱ्यासमोर ते उघडून प्रत्येक वस्तू पाहून, आपल्या हाताने पुन्हा बांधावे. शिवलेल्या उशीसारख्या, बंद डब्याच्या किंवा आधीच चिकटवलेल्या वस्तू तरीही नेऊ नयेत. ‘संशय घेतला’ म्हणून कोणी रागावले तर रागावू द्यावे.

गंगापूररोडकर (धागालेखक)

वकीलसाहेब, पाकीट आज सकाळीच परत केले. मिठाई आणि चांदीचे निरांजन होते म्हणे. उघडून दाखवायला त्यांनी नकार दिला नाही, परंतु वडिलांनी स्वतःच ‘कुरिअर करा’ असे सांगून टाकले.

पिंपळगाव_द्राक्षबाग

खाद्यपदार्थांच्या बाबतीत युरोप आणि ऑस्ट्रेलिया यांचा विषय अजून कोणी काढलेला नाही. आमच्या भागातून हंगामात द्राक्षांचे कंटेनर नेदरलँड्सला जातात, म्हणून मुलाकडे जाताना आपण हातातून दोन किलोची पेटी नेली तर काय बिघडले, असे पाहुणे विचारतात. कंटेनरमधील मालासोबत बागेच्या नोंदणीपासून औषध-अवशेषांच्या तपासणीपर्यंत सगळी कागदपत्रे असतात आणि शेवटी वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र असते. हातातील पेटीसोबत काहीच नसते. युरोपीय महासंघात २०१९ च्या डिसेंबरपासून प्रवाशाच्या सामानातील ताज्या फळांनाही हे प्रमाणपत्र लागते. अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियन ही पाचच फळे त्यातून वगळलेली आहेत. कढीपत्त्याची जुडीही या नियमात अडकते.

दूध आणि मांस यांचे पदार्थ तर प्रवाशाला युरोपात नेताच येत नाहीत. साजूक तूप, पेढे, खवा, पनीर हे सर्व त्यात आले. याचे कारण पशुपालन करणाऱ्या माणसाला चटकन समजेल. आपल्याकडे जनावरांना लाळ्या-खुरकूत होतो आणि त्यासाठी लसीकरणाची फेरी येते. ज्या देशांनी हा रोग पूर्ण हटवला आहे, त्यांना त्याचा विषाणू कोणाच्या डब्यातून परत यायला नको असतो. २०२२ मध्ये इंडोनेशियात या रोगाची साथ असताना बालीहून ऑस्ट्रेलियात उतरलेल्या एका प्रवाशाकडे न सांगता आणलेले दोन मांसाचे बर्गर आणि एक क्रोसाँ सापडले, आणि त्याला २,६६४ ऑस्ट्रेलियन डॉलर दंड झाला. २०२१ मध्ये अमेरिकेत वॉशिंग्टनजवळच्या विमानतळावर भारतातून आलेल्या, मागे राहिलेल्या एका बॅगेत गोवऱ्या सापडल्या होत्या. होमासाठी कोणीतरी नेल्या असाव्यात. त्या जप्त करून नष्ट करण्यात आल्या, कारण तोच, लाळ्या-खुरकूत.

ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडबद्दल एक दिलासादायक बाब आहे. उतरण्याआधी भरायच्या घोषणापत्रात खाद्यपदार्थ आहेत असे खरे लिहिले, तर फार तर तो पदार्थ काढून घेतात. दंड न सांगितल्याबद्दल असतो. त्यामुळे संशय आला की ‘होय’ या चौकटीत खूण करावी आणि अधिकाऱ्याला डबा दाखवावा.

कॉलेजरोड_ट्रेकर

मुलींसाठी एक सूचना. हल्ली अनेकजणी पेपर स्प्रे जवळ बाळगतात. ब्रिटनमध्ये तो बंदुकांच्या कायद्याखाली प्रतिबंधित शस्त्र मानला जातो आणि हाँगकाँगमध्येही परवान्याविना बाळगणे गुन्हा आहे. शिक्षणासाठी जाणाऱ्या मुलीच्या बॅगेत आई-वडीलच तो काळजीने ठेवतात.

म्हसरूळ_वाचक

जर्मनीला जाणाऱ्यांनी स्वस्तिकाबाबत काय करावे? माझ्या भाच्याच्या नव्या घराच्या वास्तुशांतीसाठी आम्ही स्वस्तिकाचे तोरण नेणार आहोत.

कोर्टरोड_वकील

जर्मन दंडसंहितेच्या कलम ८६अ नुसार नाझी संघटनांची चिन्हे सार्वजनिकरीत्या वापरणे गुन्हा आहे. २०१७ मध्ये बर्लिनमध्ये संसदभवनासमोर नाझी पद्धतीची सलामी देत छायाचित्रे काढणाऱ्या दोन चिनी पर्यटकांवर कारवाई झाली होती, तीही या प्रकारचीच. हिंदू, बौद्ध, जैन धार्मिक वापर हा त्या कायद्याचा रोख नाही. घराच्या आत पूजेसाठी तोरण लावण्यास अडचण नाही. रस्त्यावरून दिसेल अशा दारावर किंवा मोटारीवर, कोणताही धार्मिक संदर्भ न दिसता एकटे स्वस्तिक असेल तर शेजारी पोलिसांना बोलावू शकतात आणि मग खुलासा करत बसावे लागते. तोरणावर सोबत ॐ किंवा गणपती असेल तर संदर्भ आपोआप स्पष्ट होतो. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स आणि व्हिक्टोरिया या राज्यांनी २०२२ मध्ये नाझी चिन्हांवर बंदी घालताना हिंदू, बौद्ध व जैन वापर स्पष्टपणे वगळला आहे.

त्र्यंबक_वाटाड्या

आता येणाऱ्या पाहुण्यांचा विषय. मी अंजनेरी आणि ब्रह्मगिरी परिसरात परदेशी गिर्यारोहकांना घेऊन जातो, त्यामुळे माझ्या अनुभवात सर्वांत वरचा क्रमांक उपग्रह फोनचा आहे. भारतात दूरसंचार विभागाच्या परवानगीविना उपग्रह फोन वापरता किंवा बाळगता येत नाही. थुराया आणि इरिडियम ही नावे काही जणांनी ऐकलेली असतात. गार्मिन इनरीचसारखे, उपग्रहामार्फत संदेश पाठवणारे, हाताच्या पंजात मावणारे यंत्र मात्र त्यांना फोन वाटतच नाही. युरोप-अमेरिकेत एकट्याने डोंगरात जाणारा माणूस जीव वाचवण्यासाठी ते पिशवीच्या पट्ट्याला लावतो, आणि जबाबदार गिर्यारोहक म्हणून आपण ते करतो अशी त्याची भावना असते. २०२४ च्या अखेरीस गोव्याच्या विमानतळावर अशा यंत्रामुळे परदेशी प्रवाशांवर गुन्हे दाखल झाले. गंमत म्हणजे यंत्र लपवलेले नसते, ते तपासणीच्या ट्रेमध्ये स्वतःहून काढून ठेवलेले असते. आरक्षणाच्या पहिल्याच पत्रात पाहुण्यांना हे लिहून कळवावे, कारण एकदा ते घेऊन विमानात बसल्यावर आपला सल्ला निरुपयोगी आहे.

ई-सिगारेट ही दुसरी वस्तू. २०१९ च्या कायद्याने तिची आयात, वाहतूक, साठवणूक आणि विक्री या सर्वांवर बंदी आहे आणि आयातीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. ब्रिटनमधून येणारा पाहुणा ती धूम्रपान सोडण्याच्या गोळीसारखी सहज खिशातून काढतो. ड्रोनच्या आयातीवर २०२२ पासून बंदी आहे. सिंहस्थाचे आकाशातून चित्रण करण्याची ज्यांची इच्छा असेल त्यांनी आपले यंत्र मायदेशीच ठेवावे. नाशिकरोडचे नोट छापखान्याचे आवार आणि देवळालीचा लष्करी भाग येथे कॅमेरा बाहेर काढू नये, हे आपण रिक्षात बसतानाच सांगतो.

शारजा_ते_सिडको

बंदुकीच्या काडतुसाचाही उल्लेख करावा.

कोर्टरोड_वकील

होय, तो विषय राहून गेला होता. अमेरिकेत शिकारीला किंवा नेमबाजीला नेलेली पिशवीच काही जण प्रवासाला वापरतात आणि तळाशी एखादे जिवंत काडतूस राहून जाते. मायदेशी कोणी लक्ष देत नाही, परंतु आपल्या विमानतळावरील क्ष-किरण तपासणीत ते दिसते आणि १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होतो. ताबा जाणीवपूर्वक असावा लागतो, हे तत्त्व आपल्या न्यायालयांनी मान्य केले असल्यामुळे अशी अनेक प्रकरणे उच्च न्यायालयात रद्द होतात. तोपर्यंत परतीचे विमान सुटलेले असते.

द्राक्षवेल_आणि_पेला

नाशिकला वाइनसाठी येणाऱ्या पाहुण्यांच्या दृष्टीने एक महत्त्वाची बाब. महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी वयाची अट २१ आहे, इतर कडक मद्यासाठी २५ आहे. फ्रान्स किंवा जर्मनीहून आलेल्या तेवीस वर्षांच्या मुलाला वाइन मिळते आणि व्हिस्की नाकारली जाते, तेव्हा त्याला ती थट्टा वाटते. ड्राय डेला टेस्टिंग रूम बंद राहते, आणि निवडणुकीच्या काळात तो दिवस ऐन वेळी आडवा येतो.

त्याहून गंभीर प्रकार सापुताऱ्याच्या रस्त्यावर होतो. नाशिकहून जेमतेम ऐंशी किलोमीटरवर हे थंड हवेचे ठिकाण आहे, आणि तेथून पुढे एकतानगरच्या पुतळ्याकडे जाणारे पर्यटकही याच रस्त्याने जातात. गंगापूर परिसरातील वाइनरीतून बिलासहित विकत घेतलेल्या दोन बाटल्या मोटारीच्या डिकीत असतात. वणी मागे पडते, घाट चढला की गुजरात सुरू होतो आणि तेथे दारूबंदी आहे. बाहेरच्या पर्यटकाला गुजरातचा तात्पुरता परवाना मिळू शकतो, परंतु आधी परवाना आणि मग तेथील अधिकृत दुकानातून खरेदी असा तो क्रम आहे. आपल्या वाइनरीचे बिल सीमेपलीकडे बचाव ठरत नाही. बाटली भेट द्यायची असेल तर पाहुणे मुंबईमार्गे परतणार आहेत की सापुताऱ्यामार्गे, हे आधी विचारावे.

भांडीबाजार_जुने

आमच्याकडे परदेशी ग्राहक जुन्या तांब्या-पितळेच्या वस्तूंसाठी येतात. नवी घडवलेली समई किंवा घंगाळ कोणीही न्यावे. मात्र शंभर वर्षांहून जुनी मूर्ती किंवा कलावस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात मोडते आणि ती देशाबाहेर नेता येत नाही. हस्तलिखित पोथ्यांसाठी ही मर्यादा ७५ वर्षांची आहे. काळपट पडलेली बाळकृष्णाची मूर्ती किती जुनी आहे हे विमानतळावर ठरवता येत नाही, म्हणून वस्तू जुनी दिसत असेल तर ती पुरावस्तू नसल्याचे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे प्रमाणपत्र आधी घ्यावे. ‘खूप जुनी आहे, आमच्या आजोबांच्या काळातली’ असे भाव वाढवण्यासाठी सांगणारे काही विक्रेते बाजारात आहेत. ग्राहक तेच वाक्य कस्टम अधिकाऱ्याला अभिमानाने सांगतो, आणि वस्तू तेथेच राहते. मोराची पिसेसुद्धा निर्यात करता येत नाहीत, त्यामुळे रामकुंडावरून घेतलेला मोरपिसांचा पंखा पाहुण्याने येथेच कोणाला तरी देऊन टाकावा.

म्हसरूळ_वाचक

एवढी काळजी घेऊनही अटक झालीच तर पहिले काय करावे?

कोर्टरोड_वकील

आपल्या देशाच्या दूतावासाला कळवावे अशी मागणी करावी. १९६३ च्या व्हिएन्ना करारातील कलम ३६ नुसार अटकेतील परदेशी व्यक्तीला हा हक्क आहे आणि तो तिला सांगणे ही तेथील यंत्रणेची जबाबदारी आहे. दूतावास वकिलांची यादी देतो, भेटायला येतो, घरी कळवतो. तो सुटका करून देईल, ही अपेक्षा मात्र ठेवू नये. समजत नसलेल्या भाषेतील कागदावर दुभाष्याविना सही करू नये. घरच्यांसाठी परराष्ट्र मंत्रालयाचे ‘मदद’ हे संकेतस्थळ आहे. पासपोर्टची प्रत, विम्याचे कागद आणि दूतावासाचा क्रमांक कागदावर लिहून नाशिकच्या घरी ठेवावा, कारण मोबाइल पहिल्या तासातच काढून घेतला जातो.

गंगापूररोडकर (धागालेखक)

आईच्या पट्टीवर प्रीगाबालिन निघाले. डॉक्टरांना भेटून पत्र घेतले आहे आणि परवानगीचा अर्ज आज रात्री भरणार आहे. आता केंद्राबाबत शेवटची शंका. पाहुण्यांच्या नोंदीचा जो फॉर्म सी आहे, तो आमच्यासारख्या चार खोल्यांच्या ठिकाणालाही लागू होतो का? आणि माझ्या पुतण्याचा जर्मन मित्र आमच्या घरीच, पैसे न देता राहणार असेल तर?

त्र्यंबक_वाटाड्या

दोन्ही ठिकाणी लागू होतो. खोल्या किती आणि पैसे घेतले का, याच्याशी त्याचा संबंध नाही. परदेशी नागरिकाला मुक्कामाला ठेवणाऱ्या प्रत्येकाने, मग ते हॉटेल असो, धर्मशाळा असो वा खासगी घर, तो आल्यापासून २४ तासांच्या आत ऑनलाइन फॉर्म सी भरायचा असतो. १ सप्टेंबर २०२५ पासून नवा इमिग्रेशन आणि परदेशी नागरिक कायदा लागू झाला आहे आणि १९४६ चा जुना कायदा रद्द झाला आहे, परंतु हे बंधन कायम आहे. जबाबदारी पाहुण्याची नसून यजमानाची आहे.

त्यासाठी इमिग्रेशन विभागाच्या संकेतस्थळावर आपल्या जागेची एकदा नोंदणी करावी लागते आणि ती मंजूर व्हायला वेळ जातो, म्हणून पाहुणा दारात आल्यावर हे काम काढू नये. शहराच्या हद्दीत असाल तर पोलीस आयुक्तालयातील आणि ग्रामीण भागात असाल तर पोलीस अधीक्षक कार्यालयातील परदेशी नोंदणी कक्षाकडे चौकशी करावी. आपले केंद्र धरणाच्या बाजूला आणि घर गंगापूर रोडवर आहे, त्यामुळे दोन्ही जागांची स्वतंत्र नोंदणी लागेल, आणि कदाचित दोन वेगळ्या कार्यालयांत. पासपोर्टच्या आणि व्हिसाच्या पानांची प्रत पाहुण्याकडून येण्याआधीच मागवून ठेवल्यास फॉर्म भरायला फार वेळ लागत नाही.